महाराजांची आगगाडी

ग्वाल्हेरला जाऊन आलेल्या मराठी माणसाला तिथं काय पाहिलंत असं विचारा. तो किल्ला सांगेल, तानसेनाची कबर सांगेल, झाशीच्या राणीची समाधी सांगेल आणि मग डोळे मोठे करून जयविलास राजवाड्यातली चांदीची आगगाडी सांगेल. जेवणाच्या लांबलचक टेबलावर रूळ, रुळांवर चांदीचं छोटंसं इंजिन, मागे डबे आणि डब्यांत काचेच्या सुरया. जेवण उरकलं की ही गाडी सुटायची आणि मद्य, चिरूट, सुकामेवा असा ऐवज घेऊन पाहुण्यांसमोरून फिरायची. कुणी सुरई उचलली की गाडी थांबायची, सुरई पुन्हा जागेवर ठेवली की पुढे निघायची. डब्यांवर शिंदे घराण्याच्या इंग्रजी नावाचं एकेक अक्षर. लहान मुलं तिथून हलायला तयार नसतात, आणि त्यांचे वडीलही मुलांचं निमित्त करून तिथंच रेंगाळतात.

ही गाडी कुणाची असं विचारलं तर उत्तर मिळतं, महाराजांची. कुठल्या महाराजांची, इथं गाडी अडते. पानिपतानंतर मराठ्यांची पत पुन्हा उभी करणारे महादजी आपल्याला शाळेपासून माहीत असतात. अलीकडच्या राजमाता विजयाराजे माहीत असतात. त्यांचे चिरंजीव माधवराव तर १९८६ ते १९८९ या काळात देशाचे रेल्वेमंत्रीच होते, दिल्लीहून झाशीकडे जाणारी पहिली शताब्दी एक्स्प्रेस १९८८ साली त्यांच्याच कारकिर्दीत सुटली. त्यामुळे माधवराव शिंदे आणि आगगाडी म्हटलं की लोक या रेल्वेमंत्र्यांपाशी थांबतात. चांदीची गाडी त्यांच्या आजोबांची. त्यांचंही नाव माधवरावच. २० ऑक्टोबर १८७६ चा जन्म, ५ जून १९२५ चा मृत्यू. एकोणपन्नासावं वर्षही पुरं झालं नाही, आणि त्यातली जवळजवळ एकोणचाळीस वर्षं गादीवर गेली.

बँकेच्या नोकरीत असताना माझी एकदा ग्वाल्हेरला बदली झाली होती. तीन वर्षं तिथं काढली. नाशिककडे परतणारे पाहुणे आले की त्यांना जयविलास दाखवणं हे माझं ठरलेलं काम. ती गाडी मी किती वेळा पाहिली याची गणती नाही. पण दर खेपेला मार्गदर्शक तीच एक गोष्ट सांगायचा. व्हाइसरॉयसाठी मोठी मेजवानी होती, ऐन वेळी गाडीच्या नियंत्रणात बिघाड झाला, गाडी बेफाम सुटली आणि तिनं साहेबमजकुरांच्या कपड्यांवर रस्सा उडवला. कॉलिन्स आणि लापिएर यांच्या १९७५ सालच्या गाजलेल्या पुस्तकात ही गोष्ट आली आणि मग ती जगभर गेली.

गोष्ट ऐकायला झकास आहे. निवृत्तीनंतर दिंडोरीला परत आल्यापासून जुन्या खेळण्यातल्या आगगाड्या उघडून दुरुस्त करण्याचा छंद मला जडला आहे, त्यामुळे ती मी जरा वेगळ्या कानांनी ऐकतो. विजेच्या छोट्या गाडीला प्रवाह रुळांतून मिळतो. दोन रुळ एकमेकांना चिकटले, मधे चमचा जरी आडवा पडला, तरी प्रवाह इंजिनापर्यंत न जाता तिथूनच परततो आणि गाडी जागच्या जागी बंद पडते. बहुतेक बिघाडांत गाडी पळत नाही, मरते. ती पळते एकाच प्रकारे. वेग कमी-जास्त करण्यासाठी मधे तारेचं वेटोळं घातलेलं असतं. ते वेटोळं वगळून प्रवाह परस्पर इंजिनाला मिळाला, तर वेगावरचा लगाम सुटतो. म्हणजे गोष्ट अशक्य नाही. फक्त ती रंगवून सांगणाऱ्यानं रश्शाचे थेंब थोडे वाढवले असावेत असा माझा संशय आहे. सुरई उचलली की गाडी थांबण्याची करामत मात्र अजिबात गूढ नाही. सुरईच्या वजनानं खालची स्प्रिंग दबलेली राहावी आणि वीजजोडणी टिकावी, वजन उचललं की स्प्रिंग वर यावी आणि जोडणी तुटावी, इतकं केलं तरी पुरतं. आपल्या फ्रिजचं दार उघडल्यावर दिवा लागतो, त्याच जातीची ही युक्ती.

असो. गाडीकडून तिच्या मालकाकडे येऊ.

शिंदे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचे पाटील. राणोजींपासून घराणं उत्तरेत गेलं आणि तिकडचंच झालं. आम्हा नाशिककरांना हे नवं नाही. दिंडोरीहून चांदवडला गेलं की होळकरांचा रंगमहाल दिसतो. मराठी सरदारांची मुळं इकडे आणि फांद्या तिकडे, असा तो सगळा काळ. माधवरावांचे वडील जयाजीराव हे १८५७ मध्ये इंग्रजांच्या बाजूनं राहिले, यावरून त्यांना आजही बोल लावला जातो, आणि तो चुकीचा आहे असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. हा जयविलास राजवाडा जयाजीरावांनी १८७४ मध्ये उभा केला. दरबार हॉलमधली प्रत्येकी साडेतीन टनांची झुंबरं टांगण्याआधी छत सोसेल की नाही हे पाहायला वर हत्ती चढवले होते, असं तिथं सांगतात. जयाजीरावांना दुसरी एक दृष्टी होती. आग्रा-ग्वाल्हेर लोहमार्गासाठी त्यांनी १८७२ मध्ये सरकारला ७५ लाख रुपये कर्जाऊ दिले, आणि पुढच्या वर्षी इंदूर-नीमच मार्गासाठी जवळपास तितकेच. संस्थानिक सावकार आणि साम्राज्य ऋणको, असा हा उलटा व्यवहार. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला अशा नोंदी पोवाड्यासारख्या वाटतात.

जून १८८६ मध्ये जयाजीराव गेले. माधवराव तेव्हा दहा वर्षांचेही नव्हते. कारभार पालक मंडळाकडे गेला, आणि पोरक्या मुलाच्या भोवती कारभारी, शिक्षक, इंग्रज रेसिडेंट आणि शेकडो मुजरे जमा झाले. घरात आई सख्याराजे. या आईबद्दल माधवरावांना जन्मभर विलक्षण ओढ होती. शिवपुरीला तिची छत्री त्यांनी बांधली, तीत पुढे तिच्या मूर्तीची रोजची सेवा सुरू झाली. अठरा वर्षं पुरी झाल्यावर डिसेंबर १८९४ मध्ये त्यांना पूर्ण अधिकार मिळाले.

अशा वयात, अशा संपत्तीत, राजपुत्र साधारण दोनच वाटांनी जात. शिकार किंवा ऐश. शिकार माधवरावांनीही भरपूर केली, वाघाच्या शिकारीवर इंग्रजीत पुस्तकही लिहिलं. पण त्यांचं खरं वेड यंत्रांचं होतं. अधिकार हाती येता येता त्यांनी राजवाड्याच्या परिसरात दोन फुटी रुळांची छोटी रेल्वे सुरू केली. दोन फुटी रूळ म्हणजे किती, हे डोळ्यांपुढे आणायचं तर माथेरानची गाडी आठवा. सुरुवातीला लोकांना तो महाराजांचा खेळच वाटला, आणि खेळ होताच. महाराज स्वतः इंजिन चालवत.

पुढे मात्र या खेळानं वेगळंच वळण घेतलं. १८९९ मध्ये ही छोटी रेल्वे एका दिशेनं भिंडपर्यंत आणि दुसऱ्या दिशेनं शिवपुरीपर्यंत गेली, व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. १९०९ मध्ये तिसरा फाटा श्योपूरला पोहोचला. एकट्या श्योपूरच्या मार्गाची लांबी सुमारे २०० किलोमीटर. इतक्या अरुंद रुळांवर इतका लांब प्रवास जगात फार थोड्या ठिकाणी होता. चंबळच्या त्या उजाड, बीहड मुलखात, जिथं बैलगाडीलाही वाट सापडेना, तिथं धान्य, मीठ, कापड आणि माणसं जाऊ-येऊ लागली. खेळण्यातून रेल्वे निघाली.

त्या गाडीनं मी एका रविवारी जौऱ्यापर्यंत गेलो होतो. घोसीपुरा, मोतीझील, बामोर, सुमावली अशी स्टेशनं घेत ती चालली होती. आत बसायला जागा नव्हती आणि टपावर त्याहून जास्त गर्दी. टपावरची माणसं झाडाची फांदी आली की एकदम सगळी मान खाली घालायची, जणू कुणी प्रार्थनेची घंटा दिली आहे. वेग असा की मधेच उतरून बिडी पेटवावी आणि पुन्हा चढावं. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, जौऱ्याच्या बाजारात त्यांचं दुकान. महाराजांचं नाव निघताच त्यांनी दोन्ही हात जोडले. ते हात चांदीच्या गाडीसाठी नव्हते, ती त्यांनी पाहिलीही नव्हती.

चांदीच्या गाडीसंबंधी एक कडवट गोष्टही सांगायला हवी. संस्थानाच्या तिजोरीत येणारा पैसा शेतसाऱ्याचा होता. चंबळच्या खोऱ्यातल्या ज्या कुणब्यानं सारा भरला, त्याच्या घरी चांदी असलीच तर बायकोच्या पायात. तिचे तोडे आणि टेबलावरचे रूळ एकाच धातूचे. हा हिशेब मनात आल्यावाचून मला त्या टेबलाकडे पाहता आलेलं नाही. माधवरावांच्या बाजूनं इतकंच म्हणता येईल, की चांदी नुसती जमवून ठेवायची नसते हे त्यांच्या पिढीच्या राजेरजवाड्यांत फार थोड्यांना कळलं, आणि त्या थोड्यांत ते होते.

शिंद्यांच्या खजिन्याबद्दल घराण्यात सांगितली जाणारी एक कथा आहे. किल्ल्याच्या पोटात गुप्त तळघरं, त्यांत पिढ्यान्‌पिढ्यांचा ठेवा, त्याचं नाव गंगाजळी. तिथं कसं पोहोचायचं याचं बीजक फक्त गादीवरच्या महाराजांना ठाऊक, आणि ते मरताना वारसाला सांगायचं. जयाजीराव अचानक गेले, मुलगा लहान, बीजक गेलं. पुढे माधवरावांना त्यातला काही ठेवा योगायोगानं सापडला. यात इतिहास किती आणि आख्यान किती हे वाचकांनी आपापलं ठरवावं. मला त्यातली पुढची पायरी महत्त्वाची वाटते, आणि ती आख्यान नाही. माधवरावांनी संस्थानाचा पैसा उद्योगांत घातला.

टाटांनी १९०७ मध्ये पोलादाचा कारखाना काढायला मुंबईत कंपनी स्थापली. लंडनच्या बाजारानं पाठ फिरवली, तेव्हा भांडवल इथंच उभं राहिलं, ही हकीकत आपण अभिमानानं वाचतो. पण भागभांडवलानं कारखाना उभा राहतो, तो चालवायला खेळतं भांडवल लागतं. त्यासाठी काढलेले चार लाख पौंडांचे कर्जरोखे माधवराव शिंद्यांनी एकट्यानं घेतले. तेव्हा पौंडाचा भाव पंधरा रुपये, म्हणजे साठ लाख रुपये. आमच्या बँकेत शेतकऱ्याला विहिरीसाठी कर्ज द्यायचं तर सात-बारा, जामीनदार, विहिरीचा नकाशा आणि साहेबांची सही, एवढं लागायचं. इथं ज्या जागी अजून जंगल होतं, तिथल्या कारखान्यावर एका माणसानं साठ लाख लावले. १९१२ मध्ये साकचीला पोलाद निघू लागलं. साकची म्हणजे आजचं जमशेदपूर.

जहाजांचंही तसंच. १९०० मध्ये चीनमधल्या बॉक्सर बंडाच्या वेळी त्यांनी एक रुग्णालय-जहाज स्वतःच्या खर्चानं उभं केलं आणि स्वतःही चीनला गेले. पहिल्या महायुद्धात कॅनडियन पॅसिफिक कंपनीची एक मोठी आगबोट विकत घेऊन तिचं रुग्णालय केलं आणि नाव ठेवलं लॉयल्टी. नावातच सगळं आलं. इंग्रज राजावर त्यांची निष्ठा होती आणि ती लपवावी असं त्यांना कधी वाटलं नाही. मुलीच्या नावामागे मेरी आणि मुलाच्या नावामागे जॉर्ज लावण्यापर्यंत ती गेली. त्या निष्ठेचं काय करायचं हा प्रश्न मी सोडून देतो, पण त्या बोटीचं पुढे काय झालं ते ऐका. युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आदी मंडळींनी ती विकत घेतली. शिंद्यांकडून घेतलेली बोट म्हणून कंपनीचं नाव पडलं सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. ५ एप्रिल १९१९ रोजी ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. इंग्रज कंपन्यांच्या मक्तेदारीला हिंदी माणसांनी दिलेलं ते आव्हान होतं, आणि म्हणून ५ एप्रिल हा आपण राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. राजनिष्ठेचं नाव घेऊन फिरणारी बोट स्वदेशीच्या कामी आली.

सगळंच सरळ गेलं असंही नाही. ग्वाल्हेरजवळ सांक नदीवर बांधलेलं तिघ्राचं धरण १९१७ मध्ये फुटलं. जुळलेलं एक लग्नही मोडलं. बडोद्याच्या सयाजीरावांची कन्या इंदिराराजे यांच्याशी त्यांचा विवाह ठरला होता. शिकलेल्या, मोकळेपणानं वाढलेल्या इंदिराराजेंनी ग्वाल्हेरच्या पडद्यातल्या राणीपदाला नकार दिला आणि १९१३ मध्ये कूचबिहारच्या जितेंद्र नारायणांशी लग्न केलं. त्यांच्या पोटी पुढे जयपूरच्या गायत्रीदेवी जन्मल्या. यंत्रांच्या बाबतीत काळाच्या पुढे असलेला माणूस घरातल्या बायकांच्या बाबतीत काळाबरोबरच होता, इतकं यातून दिसतं. नंतर गजराराजे महाराणी झाल्या, आणि २६ जून १९१६ रोजी जॉर्ज जिवाजीराव जन्मले.

आता पुन्हा त्या टेबलाकडे वळतो. ती गाडी अजून शाबूत आहे याचं मला जास्त नवल वाटतं, कारण असल्या वस्तू वापरानं कमी आणि दुरुस्तीनं जास्त मरतात.

आमच्या दिंडोरीला रेल्वे नाही. गावाला द्राक्षं आहेत, रेल्वे पाहायची तर नाशिकरोड गाठायचं. तरी जुन्या खेळण्यातल्या गाड्या माझ्याकडे येतात. गेल्या वर्षी इथल्याच एक बागायतदारीणबाई एक पत्र्याचा मालडबा आणि चावीचं इंजिन जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून घेऊन आल्या. मनमाडला रेल्वेत असलेल्या त्यांच्या आजोबांनी मुंबईहून आणलेली ती हॉर्नबीची गाडी. लिव्हरपूलचे फ्रँक हॉर्नबी हे आधी माझ्यासारखेच हिशेबनीस. मुलांना जोडायला-सोडायला देता येतील अशी खेळणी त्यांनी काढली आणि १९२० पासून गाड्या. पहिल्या गाड्या नट-बोल्टनी जोडलेल्या, म्हणजे पोरानं उघडाव्यात म्हणूनच बनवलेल्या. नंतर पत्र्याच्या जिभा खाचेतून काढून वाकवायची पद्धत आली. बाईंची अपेक्षा साधी होती. काकांनी रंग मारून गाडी चकचकीत नवी करून द्यावी, नातवाचा वाढदिवस जवळ आला होता.

रंग मारायला मी नकार दिला, आणि का ते त्यांना उघडून दाखवलं. उघडणं म्हणजे काय, तर आधी काहीच न करणं. पांढऱ्या कापडावर डबा ठेवायचा, चारही बाजूंनी फोटो काढायचे, कुठला स्क्रू कुठला ते कागदावर मांडायचं. काढलेला प्रत्येक स्क्रू बर्फाच्या ट्रेच्या वेगळ्या खणात, क्रमानं. स्क्रूड्रायव्हरचं पातं खाचेत पूर्ण बसलं पाहिजे. पातं अरुंद असलं की ते घसरतं आणि शंभर वर्षांच्या रंगावर ओरखडा उठतो. जुन्या इंग्रजी स्क्रूचे आटे आपल्या बाजारातल्या मेट्रिक स्क्रूंशी जुळत नाहीत. एखादा हरवला तर नवा जबरदस्तीनं पिळायचा नाही, जुन्या मापाचा मिळेपर्यंत भोक रिकामं ठेवायचं. गंजून बसलेल्या स्क्रूवर शिवणाच्या मशिनच्या तेलाचा थेंब टाकायचा आणि रात्रभर झोपी जायचं. घाई करणाऱ्यानं त्या रात्री टीव्ही पाहावा, पण हातोडीला हात लावू नये.

पत्र्याच्या जिभांचं काम त्याहून नाजूक. पत्रा प्रत्येक वाकवण्याबरोबर कडक होत जातो. दोन-तीनदा सरळ केला की चौथ्यांदा मोडतो, आणि मोडलेल्या जिभेला डाख देताना छापलेला रंग जळतो. म्हणून एकाच टोकाच्या जिभा सोडायच्या, त्याही लागतील तेवढ्याच, बांबूच्या चपट्या कामटीनं. चावीचं इंजिन असेल तर उघडण्याआधी स्प्रिंग पूर्ण उतरवून घ्यायची. गुंडाळलेली स्प्रिंग सुटली तर बोटं कापते. १९३० च्या सुमाराची काही चाकं जस्ताच्या मिश्रधातूची असतात. ओतताना त्यात शिसं मिसळलं गेलं असेल तर ती चाकं फुगतात, चिरतात आणि बोटांत भुगा होतात. त्यांना औषध नाही. नवी बसवायची, जुनी चिठ्ठी लावून त्याच डब्यात ठेवायची. छापील पत्र्याला थिनर कधीही नाही, ओल्या फडक्यानं आधी तळाचा कोपरा पुसून पाहायचा.

बाईंच्या इंजिनात स्प्रिंग चांगली होती. एक दातेरी चाक वाळलेल्या तेलानं अडलं होतं, एवढंच. ते साफ केलं, थेंबभर नवं तेल दिलं, चावी भरली आणि इंजिन डबा ओढत पडवीभर गेलं. डब्याच्या एका बाजूचा रंग गेलेला होता. बाई तिथं बोट ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. आजोबा डबा उचलायचे तो अंगठा नेमका तिथं यायचा, हे त्यांना तेव्हा आठवलं. रंगाचा विषय पुन्हा निघाला नाही.

चांदीच्या गाडीला याखेरीज चांदीचा त्रास. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकानं. आपल्याकडे देवाची भांडी राखेनं, रांगोळीनं किंवा पेस्टनं घासायची पद्धत, आणि प्रत्येक घासण्यात काळेपणाबरोबर चांदीचा एक पापुद्राही जातो. आजीच्या निरांजनावरची वेल नातसुनेच्या काळात दिसेनाशी होते ती याच भक्तीमुळे. कोरलेली अक्षरं, इंजिनावरच्या बारीक रेघा यांच्यासाठी मऊ कापडाचा हलका हात आणि कोरडी जागा एवढंच औषध. रबराजवळ चांदी ठेवू नये, रबरात गंधक असतं. आणि जुन्या विजेच्या गाडीतल्या तारांवरचं सुती वेष्टण हात लावताच झडतं. ते पाहिल्याशिवाय, चालते का बघू म्हणून त्यांत वीज सोडणं म्हणजे आपल्या हातानं तिला चिता देणं. हौसेखातर असल्या गाड्यांना जीव लावणारी माणसं महाराष्ट्रातही झाली. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. सुट्टीत मुलांना तिथं जरूर न्या, तिथल्या गाड्या धावताना दिसतात.

माधवरावांची गाडी १९२५ नंतर किती वेळा धावली असेल कोण जाणे, पण तिचा मालक त्या वर्षी गेला. परदेश प्रवासात असताना, पॅरिसमध्ये, ५ जूनला. जिवाजीरावांना नऊ वर्षं पूर्ण व्हायला तीन आठवडे उरले होते. बापाला गादी मिळाली ती दहा वर्षं पुरी होण्याआधी, आणि मुलाला नऊ पुरी होण्याआधी. पुन्हा पालक मंडळ, पुन्हा मुजरे, पुन्हा तोच लांबलचक पोरकेपणा, अकरा वर्षांचा. जिवाजीरावांना पूर्ण अधिकार १९३६ मध्ये मिळाले. त्या घरातल्या मुलांच्या नशिबी टेबलावर चांदीची गाडी होती, पण ती चालवून दाखवणारा बाप त्यांना फार दिवस लाभला नाही.

शिवपुरीला सख्याराजेंच्या छत्रीसमोर माधवरावांची संगमरवरी छत्री आहे. आई आणि मुलगा समोरासमोर. त्यांच्या मूर्तीलाही रोज पोशाख चढवतात, संध्याकाळी गाणं होतं. मी गेलो तेव्हा गाणारा मालकंस गात होता आणि ऐकायला पुजारी, एक कुत्रा आणि मी असे तिघं होतो.

त्यांची खरीखुरी रेल्वे नोव्हेंबर १९५१ मध्ये मध्य रेल्वेत विलीन झाली. शिवपुरीचा छोटा फाटा पुढे बंद पडला, भिंडचा मोठा झाला. श्योपूरची गाडी मात्र टपावर माणसं घेऊन मार्च २०२० पर्यंत धावत होती. टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. दोन फुटी रूळ उखडले गेले आणि त्याच दिशेला मोठ्या रुळांचं काम सुरू झालं. सुमावलीपर्यंत मोठी गाडी २०२३ मध्ये गेली. जौऱ्याच्या बाजारात माल आता तिनं येईल, बीहडातून वाट काढत, पूर्वीपेक्षा कितीतरी वेगानं. टपावर बसायला मात्र कुणाला मिळणार नाही.